कडेचं प्यादं

शाळेला 'एआय लॅब' मिळाली त्या दिवशी गावात पेढे वाटले. शाळा माणदेशातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. लॅब म्हणजे पाच संगणक, भिंतीवर लावायचा एक मोठा पडदा आणि दाराबाहेर ठोकायची पाटी. नारळ फुटला, फीत कापली, फोटो झाले, पाहुणे आपापल्या गाड्यांत बसून गेले. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी सगळं सामान डेडस्टॉक रजिस्टरला चढवलं आणि खोलीला कुलूप घातलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणायचं? वीजबिल थकलेलं, मीटर कधी काढून नेतील याचा नेम नाही, आणि एखादा संगणक पोरांच्या हातून बिघडला तर ऑडिटला तोंड त्यांनीच द्यायचं. सरकारी शाळेत वस्तू वापरून मोडली तर जाब विचारतात, न वापरता सडली तर कुणी काही विचारत नाही. हेडसरांच्या नोकरीची सत्तावीस वर्षं हे बघण्यात गेली होती.

पोरांचा जीव मात्र त्या खोलीत अडकला होता. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन हात धुतले की खिडकीच्या फटीला डोळा लावायला रांग लागायची. आत दिसायचं काय, तर प्लास्टिकच्या पिशव्या पांघरून बसलेले संगणक. सहावी-सातवीच्या बाईंकडे रोज एकच विचारणा, "बाई, आपलं एआय कधी चालू हुनार?" बाईंनी आठवडाभर ऐकून घेतलं आणि एका शनिवारी फळ्यावर सूचना लिहिली : सोमवारी येताना प्रत्येकाने दोन रिकाम्या काडेपेट्या आणाव्यात.

सोमवारी टेबलावर ढीग लागला. कुणी चहाच्या टपरीवरून आणल्या, कुणी देवळातल्या पुजाऱ्याकडून. बिरूनं, म्हणजे बिरदेवनं, घरातली भरलेली पेटीच रिकामी करून आणली होती. संध्याकाळी चूल पेटवायच्या वेळी त्याच्या घरी काय झालं ते विचारू नका. हेडसर दारातून डोकावले.

"काय बाई, शिवकाशी काढताय का काय वर्गात?"

"नाही सर, एआय."

हेडसर पुढे काही बोलले नाहीत. तसल्या उत्तरावर बोलणार तरी काय?

बाईंनी हे मनानं काढलेलं नव्हतं. डोनाल्ड मिची नावाचा एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडायचं काम चालायचं, तिथे तो आणि गणितज्ञ ॲलन ट्युरिंग दोघंही होते. स्वतःच्या चुकांतून खेळ शिकणारं यंत्र करायचं मिचीच्या डोक्यात होतं, पण ते चालवायला संगणक हाताशी नव्हता. मग १९६१ च्या सुमाराला त्यानं ३०४ काडेपेट्या घेतल्या, त्यांत रंगीत मणी भरले आणि फुली-गोळा खेळणारं यंत्र उभं केलं. यंत्र खरोखरच शिकत गेलं. पुढच्याच वर्षी मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकानं, ज्याचा गणिताच्या गमतीजमती लिहिण्यात हातखंडा होता, त्याची लहान आवृत्ती काढली. नऊ घरांचा पट, दोन्हीकडे तीन-तीन प्यादी, आणि पेट्या फक्त २४. बाईंनी ही दुसरी निवडली. संगणक नाही म्हणून मिचीनं पेट्या जमवल्या. आपल्याकडे संगणक आले म्हणून खोलीला कुलूप लागलं होतं.

खेळ अगदी साधा. फरशीवर खडूनं नऊ घरं आखायची. एका बाजूच्या ओळीत तीन पांढरे खडे, समोरच्या ओळीत तीन चिंचोके. प्यादं सरळ एक घर पुढे सरकतं, ते घर रिकामं असेल तर. मारतं मात्र तिरकं, बुद्धिबळातल्यासारखं. ज्याचं प्यादं पलीकडच्या ओळीत पोचलं तो जिंकला. समोरच्याची सगळी प्यादी मारली तरी जिंकला, आणि समोरच्याला चालच उरली नाही तरी जिंकला. पांढऱ्यानं सुरुवात करायची. पांढरे खडे माणसाचे, चिंचोके काडेपेट्यांचे.

चिंचोक्यांसमोर पटावर जी जी स्थिती येऊ शकते तिचं चित्र एकेका पेटीवर चिकटवायचं. त्या स्थितीत ज्या चाली शक्य असतील त्यांचे बाण वेगवेगळ्या रंगांत काढायचे आणि त्याच रंगांचे मणी पेटीत टाकायचे. मग माणसानं चाल केली की पटाशी जुळणारी पेटी शोधायची, डोळे मिटून एक मणी काढायचा आणि त्या रंगाच्या बाणाप्रमाणे चिंचोका हलवायचा. डाव संपला आणि पेट्या जिंकल्या, तर मणी जिथल्या तिथे परत. हरल्या, तर शेवटच्या चालीचा मणी जप्त. एखादी पेटी रिकामी झाली तर तिथे हार कबूल करायची आणि आधीच्या चालीचा मणी काढून घ्यायचा. शिकवणं म्हणतात ते एवढंच. छडी नाही, समजूत घालणं नाही, गृहपाठ नाही.

पोरांनी नाव ठेवलं काडेराव. खंडेरायाच्या गावात दुसरं कुठलं नाव सुचणार?

पहिला डाव बिरूनं खेळला. त्यानं डावीकडचं, कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. त्याच्याच वर्गातल्या संज्योतनं पेटी शोधली. आत तीन मणी : लाल, हिरवा, निळा. लाल म्हणजे मधल्या चिंचोक्यानं ते प्यादं मारायचं, हिरवा म्हणजे मधला चिंचोका पुढे घ्यायचा, निळा म्हणजे पलीकडच्या कडेचा चिंचोका पुढे घ्यायचा. संज्योतनं डोळे मिटले, बोटं घातली, निळा निघाला. चिंचोका हलला. बिरूनं तिरकं मधल्या चिंचोक्याला मारलं आणि त्याचा खडा थेट शेवटच्या ओळीत जाऊन बसला. दुसऱ्याच चालीला डाव खलास. "आगं ह्यो तर येडाच हाय!" बिरू ओरडला आणि वर्ग खो-खो हसला. निळा मणी जप्त झाला, संज्योतनं वहीत नोंद केली.

तीन-चार दिवस काडेराव असाच मार खात राहिला. पोरांना त्याची कीव यायला लागली, मग हळूहळू कीव कमी झाली, कारण तो कमी हरायला लागला. पुढच्या आठवड्यात एक दिवस असा आला की कुणालाच जिंकता येईना. बिरू चार डाव लागोपाठ हरला आणि म्हणाला, "ह्यात काय तरी शिरलंय." बाईंनी एक पेटी उघडून त्याच्या तळहातावर पालथी केली. एकुलता एक मणी पडला. "हे बघ, हे शिरलंय." हरवणारे बाकीचे मणी निघून गेले होते, एवढंच. काडेरावला खेळ कळतो का, यावर वर्गात जोरदार भांडण झालं. संज्योतनं निकाल दिला, "कळत काय बी न्हाय त्येला. पर चुकत बी न्हाय."

इथवर सगळं छान चाललं होतं.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं. जुन्या पेट्या हाताळून मळल्या होत्या, कोपरे फाटले होते. बाईंनी नवा संच करायला सांगितला. पोरांनी २४ नव्या पेट्यांना जिलेटिन पेपर लावला, चित्रं सुबक काढली, सगळे मणी पहिल्यापासून भरले. नवा काडेराव म्हणजे पुन्हा कोरी पाटी. त्याला सुरुवातीपासून शिकवायला हवं होतं आणि दिवाळीची सुट्टी लागत होती. सातवीतला ओंकार पुढे झाला. "बाई, मी घरी न्हेतो, मी शिकवून आनतो." ओंकार हुशार, अक्षर मोत्यासारखं, पाचवीला असताना स्कॉलरशिपला बसलेला. बाईंनी संच आणि नोंदवही त्याच्या हवाली केली.

ओंकारचं मन वाईट नव्हतं, पण त्याला हरलेलं बघवत नसे. त्यानं पहिल्या दिवशी काडेरावला चुलत्याबरोबर बसवलं. चुलत्यानं त्याला दोनदा धुतला आणि वर "हे तुमचं यंत्र व्हय?" असं हसून विचारलं. ओंकारनं ती दोन पानं टरकावली आणि बहिणीला हाक मारली. पिंकी दुसरीत. एका चॉकलेटवर पाच डाव खेळायला ती तयार झाली. तिला नदीत सापडलेला एक खडा फार प्रिय होता, तपकिरी पट्ट्यांचा. तो ती नेहमी मधोमध मांडायची आणि नेहमी तोच आधी हलवायची. ओंकारनं तिला एकदाही दुसरं प्यादं हलव म्हटलं नाही. कशाला म्हणेल? काडेराव जिंकायला लागला होता. सुट्टी संपेपर्यंत वहीची पानंच्या पानं भरली, आणि शेवटच्या पानांवर हार औषधालाही नव्हती.

प्रदर्शनात त्या वर्षी एआयचा पूर आला होता. त्याला कारणही होतं. सीबीएसईनं २०१९ मध्ये नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा उल्लेख आला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या शिक्षण खात्यानं जाहीर केलं की २०२६-२७ पासून हे तिसरीपासूनच शिकवायचं. आता तिसरीपासून म्हटल्यावर पाचवी-सातवीला मागे राहून कसं चालेल? एकाच्या पुठ्ठ्याच्या कचराकुंडीवर 'एआय' लिहिलेलं होतं, एकाच्या ठिबक सिंचनावर. एका इंग्रजी शाळेनं पांढराशुभ्र रोबो आणला होता. तो हात हलवायचा आणि इंग्रजीत प्रश्नांची उत्तरं द्यायचा. परीक्षकांनी त्याला प्रकाशसंश्लेषण विचारलं, त्यानं घडाघड सांगितलं. टाय घातलेल्या मुलांना कुणीतरी विचारलं, हा हे शिकला कसा? "कंपनीचे सर आले होते, त्यांनी बसवून दिलं," मुलं म्हणाली. मुलं पाठ केलेलं नीट बोलत होती आणि रोबोही नीट बोलत होता. पहिला नंबर त्यांचा आला. त्यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. परीक्षकांना जे मोजायला सांगितलं होतं ते त्यांनी मोजलं.

काडेरावभोवतीही गर्दी जमली. परीक्षक उकिडवे बसले, मधलं प्यादं सरकवलं आणि हरले. पुन्हा मधलंच सरकवलं, पुन्हा हरले. ते खूश झाले. माणूस पेट्यांकडून हरला की का कोण जाणे, खूश होतो. ओंकारनं नोंदवही पुढे केली. "सर, शेवटच्या चाळीस डावांत एकदा बी हरला न्हाय." तालुक्याच्या साहेबांना बोलावणं गेलं. साहेब आले, त्यांच्यामागून त्यांची फाइल घेऊन जीपचा ड्रायव्हर आला. साहेब फोनवर बोलत होते, म्हणून परीक्षक ड्रायव्हरलाच म्हणाले, "बसा हो, एक डाव खेळून बघा."

ड्रायव्हर बाकाच्या टोकाला तिरका टेकला. मधल्या प्याद्यापर्यंत हात पोचत नव्हता. जवळ होतं कडेचं, तेच त्यानं एक घर पुढे ढकललं.

संज्योतनं पेटी शोधली, डोळे मिटले. निळा निघाला.

ड्रायव्हरनं तिरकं मारलं. "आता माझं प्यादं इथं आलं. पुढं काय करायचं?"

"तुम्ही जिंकला," संज्योत म्हणाली.

"एवढ्यात?"

लोक हसले, परीक्षकही हसले, कागदावर काहीतरी लिहून पुढच्या टेबलाकडे गेले. ओंकारचे कान लाल झाले होते. परत येताना पिकअपमध्ये तो पेट्यांची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला आणि गाव येईपर्यंत कुणाशी बोलला नाही. बोलला तो दुसऱ्या दिवशी वर्गात. "बाई, नवा काडेराव ढ हाय. जुनाच न्यायला पायजे हुता."

बाईंनी कपाटातून जुना संच काढला आणि दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या : कडेच्या प्याद्यावर उत्तर द्यायची जुनी पेटी आणि नवी पेटी. ओंकारलाच उघडायला लावल्या. जुनीत निळा मणी नव्हता. तो बिरूनं पहिल्याच दिवशी काढायला लावला होता. नवीत लाल, हिरवा, निळा तिन्ही जागच्या जागी, कोरे करकरीत. ती पेटी दिवाळीभर उघडलीच गेली नव्हती. संज्योतनं नोंदवही चाळली. पांढऱ्याची पहिली चाल : मधलं. मधलं. मधलं. पानं उलटत गेली तरी तेच.

"कोण खेळत हुतं रं?"

"पिंकी," ओंकार म्हणाला. आणि मग फाडलेल्या दोन पानांचंही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

बाई रागावल्या असत्या तर ते लवकर मिटलं असतं. त्यांनी विचारलं, "मग ढ कोण? पिंकी, काडेराव का तू?" वर्गात मतं पडली. पिंकीला कुणीच ढ म्हणेना, ती आपल्या आवडीचा खडा हलवत होती. काडेरावला ढ म्हणावं तर त्याच्यासमोर जे आलं ते तो चोख शिकला होता. राहिला ओंकार. पण ओंकारलाही ढ म्हणणं बिरूला पटेना. "त्यो ढ न्हाय, त्यानं लाड केलं."

बाईंनी मग अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकाला फोटोवरून लांडगा आणि हस्की जातीचा कुत्रा ओळखायला शिकवलं. शिकवताना त्यांनी मुद्दाम एक खोडी केली : लांडग्यांचे सगळे फोटो बर्फातले दिले, कुत्र्यांचे बर्फ नसलेले. संगणक लांडगा ओळखायला लागला. प्रत्यक्षात तो लांडग्याकडे बघतच नव्हता, बर्फाकडे बघत होता. फोटोत बर्फ दिसला की लांडगा, नसला की कुत्रा. हे उघड व्हायच्या आधी काही शिकल्यासवरल्या लोकांचा त्यावर विश्वास बसला होता.

बिरू धनगराचा. त्याच्या घरची मेंढरं माळावर असतात आणि लांडगा त्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. तो विचारात पडला. "म्हंजी बाई, आमच्याकडचा लांडगा त्या मशिनीला कुत्राच दिसनार की. इथं कुठला आलाय बर्फ? आनि आमी तिच्या भरवशावर झोपलो तर?"

त्याच्या या 'तर'चं उत्तर बाईंनी दिलं नाही. मला विचाराल तर त्या वर्षातला सगळ्यात मोलाचा तास तो होता आणि तो कुठल्या टाचणात लिहिलेला नव्हता.

नव्या काडेरावला पुन्हा शिकवायला घेतलं, पण आता नोंदवहीत एक रकाना वाढला : कोण खेळलं. खिचडी करणाऱ्या मावशी खेळल्या, दूध संकलनाचा माणूस खेळला. बिरूचा आजा खेळला. त्यानं काठी टेकून उभ्यानंच प्यादी सांगितली आणि काडेरावला सहा वेळा रडवलं. हेडसर एकदाच म्हणून बसले आणि शाळा सुटेपर्यंत उठले नाहीत. त्याचा एक फायदा असा झाला की लॅबची किल्ली बाईंना मिळाली. वीज असेल तेव्हा आणि हेडसरांच्या नजरेखाली, पण मिळाली. गुगलचं टीचेबल मशीन नावाचं एक फुकट साधन आहे, ब्राउझरमध्ये चालतं. फोटो दाखवून त्याला दोन वस्तूंतला फरक शिकवता येतो. बाईंनी शेळी आणि मेंढी घ्यायचं ठरवलं. पोरांनी फोटो आणले आणि संगणकाला दाखवायच्या आधी आपापसांत तपासले. "सगळी मेंढरं माळावरची, सगळ्या शेळ्या गोठ्यातल्या, असं चालनार न्हाय," ओंकार म्हणाला. "ह्यो गोठाच वळखायला शिकंल." दोन पोरं सायकलवरून माळावर शेळ्यांचे फोटो काढायला गेली.

मार्चच्या आधी वाचन चाचणी आली. या खेपेला शिक्षकानं ऐकायचं नव्हतं, ॲपनं ऐकायचं होतं. मुलानं फोनसमोर परिच्छेद वाचायचा, ॲप ऐकून त्याचा स्तर ठरवणार आणि अहवाल आपोआप वर जाणार. शिक्षकांचा वेळ वाचतो, हे खरंच आहे. साठ पोरांचं वाचन एकट्यानं ऐकून बघा म्हणजे कळेल.

पिंकीची पाळी आली. परिच्छेदात आई विहिरीवरून पाणी आणते, असं काहीतरी होतं. पिंकीनं 'पानी' वाचलं, 'आनलं' वाचलं, तिच्या घरात जसं बोलतात तसं, आणि न अडखळता शेवटपर्यंत गेली. ॲपनं तिला शब्दाच्या स्तरावर बसवलं. परिच्छेद वाचता येत नाही असा शेरा पडला. पिंकीला स्तर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण लाल रंग माहीत होता. तिचे डोळे भरले.

दुसरीच्या वर्गातल्या रांगा लावायला ओंकार तिथेच उभा होता. त्यानं फोनच्या पडद्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "बाई, ह्यो ॲप कुनासंग खेळलाय?"

बाईंना लगेच कळलं, तरी त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? कदाचित पिंकीच पुटपुटली असेल."

"मग बघू की."

त्यांनी बघितलं. बिरूला बोलावलं, तोच परिच्छेद दिला. बिरूनं आपल्या नेहमीच्या आवाजात वाचला, सातवीतला घोडा, आणि ॲपनं त्यालाही शब्दावर बसवला. मग ओंकारनं त्याच्या कानात काही सांगितलं. बिरूनं छाती फुगवली, नाकातून श्वास घेतला आणि आकाशवाणीच्या बातम्यांसारखा, एकेक 'ण' ठासून, सगळा परिच्छेद पुन्हा वाचला. हिरवा. उत्तम. दुसरीची पोरं टाळ्या पिटायला लागली.

बाईंनी फोन बाजूला ठेवला आणि पिंकीला जवळ घेतलं. "आईनं पाणी कुठून आणलं गं?" "हिरीवरनं." "का आणलं?" "नळाला आलं नव्हतं म्हनून." "हे पुस्तकात लिहिलंय का?" "न्हाय, पर आमच्याकडं तसंच असतंय." बाईंनी कागदी पत्रकावर पिंकीच्या नावापुढे 'परिच्छेद' लिहिलं. खाली दोन ओळींची टीप जोडली : ॲपचा निकाल आणि प्रत्यक्ष वाचन जुळत नाही, एकाच मुलाने एकच उतारा दोन उच्चारांत वाचला असता दोन वेगळे स्तर आले, या भागातल्या मुलांच्या आवाजावर ॲप शिकवले आहे का ते कळवावे. हेडसरांनी टीप वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि सही केली. सही करताना एवढंच म्हणाले, "बाई, वरून विचारणा झाली तर त्या बिरूला घेऊन जाऊ."

विचारणा झालेली नाही. टिपेला उत्तरही आलेलं नाही. मे महिन्यात बाईंनी दुसरी टीप पाठवली, तिच्यासोबत बिरूच्या दोन्ही वाचनांचं ध्वनिमुद्रण जोडलं.

तुमच्या घरात किंवा शाळेत आठ-दहा वर्षांचं मूल असेल, तर हा खेळ करायला लॅब लागत नाही. २४ काडेपेट्या लागतात. २०२१ च्या डिसेंबरपासून एक पेटी दोन रुपयांना आहे, म्हणजे विकत घ्यायच्या म्हटल्या तरी ४८ रुपये, वर चिमूटभर मणी. पेट्या मुलाच्या हातानं भरू द्या, आणि खेळायला एकट्या त्याला बसवू नका. आजीला बसवा, भाजीवाल्याला बसवा, दारात आलेल्या पोस्टमनला बसवा, आणि कोण खेळलं ते वहीत लिहून ठेवा.